आमच्या लाइनीतले चार अशोक

भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत आमच्या एका लाइनीत चार अशोक होते, सांगितलं का तुम्हाला? माझे बाबा त्यातले चष्मेवाले अशोक. चौघंही दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल, मी चौथीत. बाईंनी सम्राट अशोकाचा धडा शिकवला आणि मी घरी येऊन जेवत्या बाबांना विचारलं, "त्या अशोकानं तं लढाई सोडून देल्ली. तुमी काऊन बॉम्ब बनवता?"

आईनं डोळे वटारले. बाबा घास हातात धरून माझ्याकडे वळले.

"तो राजा होता, माय. त्याले परवडलं. मी नोकरी सोडली तं तू काय खाशीन?"

मग हात धुताना हळूच म्हणाले, "त्यानं अजून काय केलं म्हणे?"

"रस्त्याच्या बाजूनं झाडं लावली."

रविवारी सकाळी पाहते तर चारही अशोक कुदळी घेऊन रस्त्याच्या कडेला खड्डे खणत होते. मी पाण्याची बकेट नेली, तेव्हा बाबा कडुनिंबाचं रोप धरून उकिडवे बसले होते. माती दाबता दाबता म्हणाले,

"हे तं नोकरी न सोडताही जमते, माय."