सच्याचं जित्तं पेडल

जुन्या पेडलचं कौतुक माझ्यापुढं करू नका रं. एक गिटार दोन गिटारींसारखी वाजावी म्हणून आमच्या सच्यानं पायाशी ठेवायचं जुनं अ‍ॅनालॉग कोरस पेडल आणलं आणि माझ्या डिजिटलला रोज नावं ठेवायला लागला. निपाणीला कार्यक्रम होता, म्हणून वडगावात त्याच्या घरी प्रॅक्टिसला बसलोतो. तार छेडून, डोळे मिटून म्हणतोय, "ही थरथर ऐक, जित्ती हाय. तुझ्या डबड्याला जमंल व्हय?"

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या आक्कांनी जेवायला म्हणून यंत्रमाग बंद केला. थरथरही बंद. खाली बघतोय तर सच्यानं पेडल चालूच केलं नव्हतं.

गिटार थांबली म्हणून आक्का दारात आल्या. मी सगळं सांगितलं. त्या सच्याला शांतपणे म्हणाल्या, "मग निपाणीच्या कार्यक्रमाला आमचा माग टेम्पोत घालून नेतोस काय रं?"