भरल्या हंड्याची चाल

शाळेचे कारभारी म्हणून वरच्या खुर्चीत बसलेले साहेब, तुम्ही खोटारडे आहात! पोरगं अडलं की त्याच्या कपाळावर 'मठ्ठ' लिहून मोकळे होता— आपलं शिकवणं उघडं पडू नये म्हणून! मंडळी, आजच्या कीर्तनाचा सवाल एवढाच. घाटावर माणूस घसरला, तर दोष त्याच्या पायाचा, का घाट बांधणाऱ्याचा?

घाई नको. आधी ऐका!

एका तंत्रनिकेतनात तीन पोरं कॉम्प्युटरवरचा खेळ बनवायला शिकत होती. काय म्हणालात आजोबा? कीर्तनात कॉम्प्युटर कुठून आला? अहो, देव चराचरात भरलाय म्हणता, मग कॉम्प्युटर तेवढा वगळला का त्यानं?

तर इंदू गुरव खेळाचा कोड लिहायची, सलमा मुजावर चित्रं काढायची, यशोधन आवाज भरायचा. खेळ असा— बाई बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत उतरते, हंडा भरते, डोक्यावर घेऊन वर येते. पाणी सांडलं की पुन्हा तळाशी! बटण दाबून धरलं की बाई पळते, थांबून थांबून दाबलं की सावकाश चालते. भरल्या हंड्यानं पळाली की सांडलंच, ही युक्ती खेळणाऱ्यानं ओळखायची!

सरांची अट मात्र कडक. बाहेरच्या माणसानं खेळ पार करायचा. बनवणाऱ्यांनी मागे उभं राहायचं, अवाक्षर काढायचं नाही! संधी दोन. नाहीतर तिघांची फाटाफूट, एकेकाला साठ-साठ जणांच्या वेगळ्या तुकडीत ढकलणार. आणि इंदूला तर जन्मात पहिल्यांदा मनाजोगी माणसं मिळालेली!

सोमवारी कँटीनमधल्या भामाबाईंना बसवलं. हंडा सांडला. पुन्हा सांडला. सातव्यांदा सांडला! इंदूच्या पायाखाली जणू निखारे. ह्या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून ह्या पायावर— आणि फुटलीच!

"अहो मावशी, दाबून काय धरताय! सोडा ना ते बटण!"

गेली एक संधी!

"हिलाच कशाला बसवलं?" यशोधन फणफणला.

"मावशी, एवढं साधं होतं हो!" इंदू रडकुंडीला आलेली.

भामाबाई पदर खोचून उठल्या. "साधं? अगं बये, तीस वर्षं पाणी वाहिलंय मी! भरला हंडा डोईवर आला की मान ताठते, पाऊल आखडतं. तुझी बया रिकामी पळते तशीच भरलेली पळते. हिच्या डोक्यावर पाणी आहे हे मला कळावं कसं?" आणि मंडळी, बाईंनी कोपऱ्यातली भरली कळशी उचलली, डोक्यावर घेतली, दोन बाकांमधून चालून दाखवलं— थेंब नाही सांडला!

इंदूचा चेहरा खर्रकन उतरला. सहा महिने! स्वतःच कोडं घालायचं, स्वतःच सोडवायचं, स्वतःच टाळ्या पिटायच्या! हसता काय? तुम्ही वेगळं काय करता?

चार दिवस तिघं भिडली. सलमानं चित्रातल्या बाईची मान ताठवली, पाऊल आखडलं. यशोधननं पाण्याची डचमळ भरली. पळालं की मोठी, हळू चाललं की बारीक. इंदूनं कोडमध्ये सगळं जुळवलं.

शुक्रवारी फाटकावरचे बाबूराव बसले. आणि इंदूनं काय केलं? तोंडात पाण्याची गुळणी धरली! बोलशील तर भिजशील! पहिला हंडा सांडला. दुसरा सांडला. इंदूचे गाल फुगलेले, ओढणी पिळून पिळून दोरखंड झालेली. तिसऱ्यांदा बाबूराव पुटपुटले, "अरेच्चा, हिला जड होतंय वाटतं." आणि बोट आपसूक मंदावलं! एक पायरी... दहा पायऱ्या... बाई वर!

इंदूनं तोंडातलं पाणी तिथंच फुर्रकन उडवलं आणि कँटीनकडे धूम ठोकली. "मावशीऽऽ!"

फाटाफूट टळली, तिघं एकत्रच राहिली.

पण मंडळी, तुमचं काय? सुनेची भाकरी करपली, नातवाचं गणित चुकलं— तेव्हा तोंड मिटून किती वेळ पाहिलंत? आधी खेकसलात ना? आणि खुर्चीतले साहेब, पळू नका! यंदा जी पोरं नापास म्हणून घरी धाडलीत, त्यातलं एक तरी नेमकं कुठं अडलं, हे त्याच्या मागे उभं राहून पाहिलंत? आम्ही बसलोय, उठणार नाही. त्या एका पोराचं नाव सांगा!