गिरणीच्या इंजिनाले पाण्याचा गॅस

मी माहेरची लोणारची, लगन होऊन जानेफळले आली तं सासऱ्याची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावरची, तवा गावात लाइट कुठं होती, अन् आमचे हे धरणाच्या कामावर मिस्त्री होते, मोठमोठ्या मशिनीवर. काय सांगू तुमाले, त्या मशिनीले टर्बो म्हनून कायतरी असते म्हने, धुराच्याच जोरावर इंजिनात हवा कोंबते, ते पाहून आले अन् माणूस बिघडला. काम सरलं, सासरे गेले, गिरणी याईच्या गळ्यात पडली, पन बूड कायी टेकत नव्हतं. जेवता जेवता उठत, इंजिनाले कान लावत, अन् म्हनत, नुसती हवा काऊन, हवेसंग पाण्याचा गॅस देला तं डिझेल कमी जाईन.

मी म्हनलं, पाण्याचा कुठं गॅस असते का? हाव, असते म्हने, अन् मायी लोणच्याची बरणी रिकामी करून घेतली, तिच्यात लोखंडाच्या पट्ट्या, पाणी, साबनाचा कास्टिक सोडा टाकला, शेजारच्या करीमचाचाजोळून जुनी ब्याटरी आनली अन् तारा जोडल्या, तं खरंच बुडबुडे निंगाले हो! त्याची रबरी नळी इंजिनात हवा जाते तिथं बसोली. इंजिनाचा आवाज बदलला, दयन घेऊन बसलेल्या बायाबी पाहून राह्यल्या. हे लहान पोरावानी हासले.

मंग एक दिवस इंजिन बंद केलं, पन ब्याटरीची तार तशीच जोडेल राह्यली, बरणीत गॅस साचत गेला, अन् हे बिडी पेटोवून बरणीत पाहाले वाकले. असा बार झाला! सोड्याचं पाणी सारं तोंडावर. मी हाती लागंल ती घागर डोयावर ओतत राह्यली, ओतत राह्यली. मेहकरचा डॉक्टर म्हने, बाई, पाणी ओतलं म्हून एक डोया तरी वाचला.

पट्टी बांधून खाटेवर पडले, तं तिथंबी पाय हालूनच राह्यले. गिरणी मीच चालवाले लागली, हँडल मारून मारून खांदे भरून येत. रोज इचारत, आवाज कसा येते? भाकर गोड लागंना त्याईले, म्हनत, एक डाव पुन्हा गॅस लावून पाह्य, नाईतं मले चैन नाई. काय करू? दुसरी बरणी भिंतीच्या बाहेर ठेवली, थे सांगत गेले तसं जोडलं, अन् जीव मुठीत धरून इंजिन सुरू केलं. दयन तेवढंच, अन् डिझेलबी तेवढंच गेलं. तसं सांगतलं. बोटावर हिशोब करत म्हने, अवो, ब्याटरी भराले जो डायनामो लावला, त्याचा पट्टाबी इंजिनच ओढते, म्हंजे इकडं वाचलं थे तिकडं गेलं. अन् रडले. डोया गेला तवा नव्हते रडले.

मले वाटलं, सुटलो आता. कायचं सुटतो! आता गावात लाइट आली, गिरणी मोटारीवर चालते, तं हे त्या मोटारीभवती फिरून राह्यले, म्हनते, हे जरा गरमच काऊन होते? फिरू द्या. देवानं त्याईचा राह्यलेला डोया सांभायावा, डोकं चालू राह्यलं तरी मले चालते.