साडेसाताच्या वर

— पुसून कशाला बघताय, पावणं? प्लेटवर धा लिवलंय आणि धाच हाय. मी न्हाई म्हणतोय का? एवढंच म्हणतोय, तुमच्या कागदावर साडेसात लिवा. साडेसात हॉर्सपावरपत्तोर बिल माफ, वर गेलं की भरा — आसला कायदा कुणी केला ओ? मुंबैत बसून केला आसंल, त्येला काय ठाऊक माझ्या हिरीला पाणी किती हाय. ह्या हिरीला पाचाची मोटर बास हाय. पाचाची! धाची सोडली की तासात हीर कोरडी, मग बसा बांधावर तंबाखू चोळत. मग धाची घेतली कशाला — ते इचारू नका. बरं, सांगतो. ती पल्याडची पत्र्याची खोली दिसत्या का, ती हंबीररावाची, आमच्या चुलतभावाची. त्येनं साडेसातची बसवली आणि गावभर पेढं वाटलं. मोटरीचं पेढं! मी गप बसू? दुसऱ्या दिवशीच कोल्हापूरला गेलतो, दुकानदाराला म्हणलं, साडेसाताच्या वरची काय आसंल ती काढ. त्यो म्हणला, काका, हिरीला झेपायची न्हाई. म्हणलं, हीर माझी हाय, तू मोटर दे.

हसू नका. बसा की त्या दगडावर, मोटर कुटं पळून जात न्हाई. कायद्याचंच सांगतोय — ह्यो एक झाला, दुसरा ऐका. आमची तेजस्वी, थोरली. बारावी झाली, ती सीईटी का काय ती बी दिली, इंजिनीरिंगला नंबर लागला. कशाच्या? विजेच्याच. तुमच्या हापिसात तुमच्या डोक्यावर यिऊन बसंल उद्या, साहेबीण म्हणून. आणि पोरींना फी माफ! ह्यो कायदा मातर झकास, मीच चौकात हुबा राहून चार जणांना सांगिटला. फकस्त घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत पायजे. आमचं किती? ऊस, चार म्हशी, सगळं झाडून सहाच्या वर जात न्हाई. म्हंजे पोरगी बसली की कायद्यात! — न्हाई बसली. दाखल्यावर साडेनऊ पडलंय. साडेनऊ लाख! तलाठ्यानं लिवलं. त्येच्या हाताला किडं पडूदेत — न्हाई, लिवलं त्येनंच, खोटं कशाला बोलू, पर त्येच्या मनानं न्हाई लिवलं. चावडीत बसलोतो. त्यो म्हणला, बाळासो, किती धरू? आणि माझ्या म्होरं हंबीरराव, सात सांगून नुकताच पाय पसरून बसलेला. त्येच्या तोंडावर मी सहा म्हणू? साडेनऊ कवा गेलं तोंडातनं, माझं मलाच कळलं न्हाई. तलाठ्यानं मान वर करून बघितलं बी, म्हणला, नक्की? म्हणलं, कमीच सांगिटलंय.

दाखला आला, पोरीच्या फायलीत घातला, वाचला कुणी? काल कोल्हापूरला कॉलेजात खिडकीवरच्या बाईनं वाचला. म्हणली, तुमी बसत न्हाई, सगळी फी भरा. तेजस्वी रडली न्हाई. रडली आसती तर मी वराडलो आसतो, तिच्या आईनं मधी पडून मिटवलं आसतं. ही नुस्ती माझ्याकडं बघत हुती — मगा तुमी ती प्लेट बघितली न्हवं, तशी.

दुरुस्त हुतंय ओ, कोण म्हणतंय हुईत न्हाई! तलाठी बरा गडी हाय. म्हणला, दोन पंच आणा, त्येंच्या म्होरं सांगा की आधी सांगिटलं ते खोटं, खरं सहाच, सही करा, पुढचं आजच्या आज मी बघतो. आजच, कारण कॉलेजची शेवटची तारीख आज, पाचपत्तोर. एक पंच मिळाला. आणि दुसरा कोण, सांगा बघू? हंबीरराव! सकाळी आपणहून दारात. म्हणला, "दादा, चल, मी करतो सही. पोरीचं वरीस जायाला नगं. आणि तुला सही करायची नसंल तर फी मी भरतो." पोरीच्या देखत. किती ग्वाड! आयला, भांडाय आला आसता तर सोपं गेलं आसतं. मी म्हणलं, मोटर तपासणारा यायचाय, त्येचं उरकून येतो. आणि तवाधरनं हितं हाय. तुमी तर आत्ता तीनला आलासा.

ठाऊक हाय मला अजून टाइम हाय ते, घड्याळ दावू नका. चावडी म्हंजे हितनं हाकंवर. जायाचं काय, पाय हाईत. पर जाऊन हंबीररावाच्या म्होरं म्हणायचं, मी खोटं बोललो? उद्या भावकीच्या पंगतीत, साडेनऊ लाखवालं आलं, त्येला सरकून जागा द्या — हे कोण ऐकणार, तुमी? मगा तिचा फोन आलता. "पप्पा, येताय का मी माझं बघू?" म्हणलं, बघ जा. रागात म्हणलं ओ. बापाचं रागातलं बोलणं कुणी धरून बसतंय व्हय?

थांबा. गप बसा जरा — ही मोटरसायकल हंबीररावाची. चावडीकडं न्हाई वळला. कोल्हापूरच्या रस्त्याला लागला. मागं कोण हाय? तुमचं डोळं तरणं हाईत, बघा की. — पोरगी? मांडीवर फाईल हाय? — व्हय, तीच. आता ह्या बांधाला लागूनच जातील, हितनं धा पावलांवर. हाक मारली तर थांबत्यात. मारतो की. काय म्हणून मारू? थांब म्हणू — आणि थांबल्यावर?

गेली की. इकडं बघितलं का ओ तिनं?

— बरं. उठा आता तुमी. काय लिवायचं ते लिवा आणि जावा. जावा म्हणतोय न्हवं.