लाइलनं घातलेली ओकची जमीन

...आणि वर मलाच म्हणतो, "बूट बाहेर काढ!" मला! अरे लेका, खिळे मारायचं मशीन माझं, करवत माझी, उन्हाळाभर ठोकाठोक ऐकून किटलेले कान माझे, आणि बूट मी काढू? काढले. काय करता! आमच्या मिशिगनात बर्फ सुरू झाला की शेजाऱ्याशी वाकडं घेऊन चालत नाही, रुतलेली गाडी ढकलायला तोच येतो.

तर तुम्हाला सांगतो, हा लाइल हूकस्ट्रा. शाळेची बस चालवतो. स्वभावानं गरीब, कुणीही यावं टपली मारावी. बायको आर्लीन दाताच्या डॉक्टरकडे काम करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचं कण्हणं ऐकून घरी येते. आणि घर कुणाचं? सासूचं! गर्ट म्हातारीचं. म्हातारी म्हणजे... घरातल्या सुऱ्या बोथट झाल्या, ही नाही झाली! लग्नात लाइल चर्चमध्ये नवा सूट घालून उभा, पाद्र्यानं पुस्तक उघडलं, आणि पहिल्या रांगेतून हिचा आवाज, "वाकडं आहे." टाय म्हणाली की जावई म्हणाली, अजून कुणाला कळलेलं नाही.

आता आर्लीन बिचारी एवढंच म्हणाली होती, की स्वयंपाकघरातल्या जमिनीवरचं लिनोलियम फाटलंय, पाय अडकतो. बस्स! दुसरा असता तर तुकडा चिकटवून मोकळा झाला असता. ह्यानं अख्खं स्वयंपाकघर उपटलं! ओटा तेवढा ठेवला, बाकी कपाटं काढली, ओट्याखालचं भांडी धुवायचं मशीन काढून गॅरेजमध्ये नेलं. "ओक घालतो. खरं ओकचं लाकूड!" मी म्हटलं, अरे, माणूस बोलाव. तर म्हणतो, "का? माझ्या हातांना काय झालंय?" हातांना काही झालं नव्हतं हो... वरचा मजला रिकामा होता!

ओकचे खोके आले ते थेट बैठकीच्या खोलीत. आर्लीननं विचारलं, "हे इथं किती दिवस?" हा म्हणतो, "लाकडाला आधी घराची हवा मानवू द्यायची असते." ती म्हणाली, "मी जन्मापासून ह्या घरात आहे लाइल, मला मानवते का, कुणी विचारलं नाही." तो हसला! त्याला वाटलं विनोद केला!

मग सुरू. हा गुडघ्यांना गाद्या बांधून जमिनीवर, आणि म्हातारी कॉफीचा मग घेऊन दारात खुर्ची टाकून. एका फळीच्या खाचेत दुसरीची जीभ बसवायची, ठोकायची, पुढं सरकायचं. पहिली रांग ठोकून झाली. म्हातारीनं घोट घेतला. "वाकडं आहे."

"आई, भिंत वाकडी आहे."

"भिंत माझ्या नवऱ्यानं बांधली. तो सरळ होता."

उपटली रांग! पुन्हा घातली. "वाकडं आहे." कशावरून? तर म्हातारीनं ताटातला वाटाणा जमिनीवर सोडला, आणि तो मेला घरंगळत घरंगळत थेट लाइलच्या गुडघ्याशी येऊन थांबला! "वाटाण्याला कळतं, जावईबापू!" पुन्हा उपटली. शेवटी दोरीनं सरळ रेघ मारून, भिंतीचा नाद सोडून, खोलीच्या मधून सुरुवात केली तेव्हा कुठं काम सरळ आलं. आणि इकडं आर्लीन? कामावरून यायची आणि आंघोळीच्या टबात भांडी धुवायची. उन्हाळाभर दोघं गुडघ्यांवर हो... एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघरात! मधल्या दारात म्हातारी!

तर थँक्सगिव्हिंगला जमीन तयार. खोटं कशाला बोलू, सुरेख दिसत होती. मधासारखी. सगळे नातेवाईक मोज्यांवर, टर्की आमच्या ओव्हनमधून आलेली. आर्लीनची बहीण डार्लीन कॅलमझूहून आली होती, तिचा नवरा रश्श्याचं भांडं घेऊन निघाला आणि मोज्यावरून जो घसरला... सपशेल आडवा! लाइल धावला. आधी रस्सा पुसला. मग माणूस उचलला!

जेवणं झाल्यावर म्हणतो, थांबा, सगळ्यांसमोर भांडी धुवायचं मशीन बसवतो. उद्घाटन! गॅरेजमधून आणलं, जमिनीला लागू नये म्हणून खाली गोधडी, ओट्याखाली ढकललं... जाईना. तिरकं केलं, जाईना. घाम पुसला, खांदा लावला, जाईना. लाइलनं दाराकडं पाहिलं. म्हातारी म्हणाली, "वाकडं नाहीये."

उन्हाळ्यापासून पहिल्यांदा! लाइलचे डोळे भरून आले हो!

"उंच आहे. तू मूळच्या जमिनीवर अंगठाभर लाकूड चढवलंस आणि ओटा तिथंच ठेवलास. मला जुलैमध्येच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"मला कुणी विचारलं?"

आर्लीन हातात खरकट्या ताटांची चळत घेऊन उभी होती. म्हणाली, "म्हणजे हे टबात?"

"थोडेच दिवस गं. मी आता ओटा उचलून घेतो. सगळा."

तिनं ताटं खाली ठेवली. आत गेली. आली ती चाकांची मोठी बॅग ओढत. डार्लीन आधीच गाडीत जाऊन बसलेली, तिला ठाऊक असणार. आर्लीन म्हणाली, "इतके महिने गुडघ्यांवर होतास लाइल, पण एकदा तरी मान वर करून माझ्याकडे बघितलंस?" आणि चालू लागली. लाइलचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणेल थांब, आता म्हणेल चुकलो...

"आर्लीन... बॅग उचलून घे ना. ओरखडे पडतील."

आईशप्पथ! माझ्या ह्या कानांनी ऐकलं! तिनं काही उचलली नाही. मग ह्यानंच धावत जाऊन उचलली, छातीशी धरली, मोज्यांवर बर्फातून नेली आणि गाडीत ठेवून आला! बायको निघून चाललीय आणि हा हमाली करतोय!

परत आला तेव्हा पाहुणे पसार झालेले, मी तेवढा दारात बूट चढवत होतो. म्हातारी खुर्चीत तशीच.

"आई... तुम्ही नाही गेलात?"

"मी कशाला जाऊ? घर माझं आहे. ताटं टबात टाक, आणि ओटा कधी उचलतोयस ते सांग."

तुम्हाला सांगतो, घरजावई पुष्कळ बघितले... पण बायकोशिवाय घरजावई हा पहिलाच!