दशरथाच्या दरबाराखाली

सन्माननीय अध्यक्ष श्री. दयारामजी गभणे, आजचे सत्कारमूर्ती चित्रकार श्री. शालिकराम हेडाऊ, त्यांच्या शेजारी जरा अवघडून बसलेल्या सौ. सिंधुताई, मंचावरील मान्यवर, आणि भिलाईच्या सेक्टरांतून, कॅम्प-१ मधून, दुर्गहून आपापली कामे सोडून आलेल्या बंधुभगिनींनो,

मंचाच्या उजव्या कोपऱ्यात एक बादली ठेवली आहे. ती हारांची फुले ताजी ठेवण्यासाठी असावी, असा दोघातिघांचा समज झालेला मी मघाशी ऐकला. तो बरोबर नाही. बादलीकडे मी येणार आहे. पण दुर्गच्या कोर्टात आयुष्य घालवलेल्या माणसाने आधी बाजू मांडावी आणि मग पुरावा पुढे करावा, हे बरे.

हेडाऊ मास्तर आपल्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले. क्वार्टर रिकामे करून उद्याच्या गाडीने ते पवनीला आपल्या गावी निघत आहेत. कारखान्याने त्यांना सुरक्षेचे फलक रंगवण्यासाठी घेतले होते. हेल्मेट घातलेला कामगार, वितळलेल्या पोलादापासून हात आखडणारा कामगार, हे सगळे त्यांचे. उन्हात आणि कोळशाच्या धुळीत उभे असलेले ते फलक आजही जसेच्या तसे आहेत. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. मला ते पुढे लागणार आहे.

नागपूरला ते ज्या पद्धतीत शिकले, तिला अकादमिक पद्धत म्हणतात. प्लास्टरच्या पुतळ्यावरून नाक-डोळे गिरवायचे, मग समोर जिवंत माणूस बसवायचा, प्रकाश डावीकडच्या एकाच खिडकीतून घ्यायचा, सावली काळी न करता तपकिरी ठेवायची. या शिस्तीने गेल्या शतकात आपल्या देवांना हाडामांसाची शरीरे दिली. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मास्तरांनी तेच केले. शरीरे मात्र भिलाईची घेतली. कॅम्प-१ मधल्या भीमाबाई कौसल्या झाल्या. आपले तेव्हाचे सचिव जानराव विश्वामित्र झाले. लोक त्या चित्रांना हात जोडत. भीमाबाई तर, मला आठवते, आरतीनंतर शेजारणींना सांगत, "पाया पडा वो, पण कोणाच्या पडून राहिल्या थे पाहून घ्या!"

मग मास्तरांनी नागपुरात तरुण चित्रकारांचे एक प्रदर्शन पाहिले. त्यात देव नव्हते. स्टुलावर पेंगणारा चपराशी होता, ट्यूबलाइटखाली डाळ निवडणारी बाई होती. खिडकीतून येणारा सोनेरी उजेड नव्हता. मास्तर परत आल्यावर मी विचारले, "काय फरक वाटला?" ते म्हणाले, "मोजमाप थेच हाय जी. आमच्यात थोडी सूट देता येते. त्या पोरायनं सूट देनं बंद केलं." माणसाचे चित्र काढण्याच्या दोन परंपरांमधला भेद याहून नेमका सांगणारे वाक्य मी आजवर वाचलेले नाही.

आणीबाणीच्या वर्षी मंडळाने त्यांना या रंगमंचासाठी मोठा पडदा रंगवायला सांगितले. पडदा आपण म्हणतो. वस्तुतः तो लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास आहे. विषय त्यांच्यावर सोपवला होता. उत्सवाच्या कार्यक्रमांत मास्तर विंगेत बसून दोरी ओढत. तिथून त्यांना रंगमंच दिसत नसे. आपण दिसत असू. त्यांनी आपल्याला रंगवले. या सभागृहाच्या पहिल्या चार रांगा, तेलरंगात, पूर्ण मापात, जशा दिसतात तशा.

चित्र उघडले तेव्हा काय झाले, हे येथील जुन्या मंडळींना माहीत आहे. कौसल्या तोंड उघडे टाकून झोपली होती. विश्वामित्रांची करंगळी कानात होती. आपले आजचे अध्यक्ष, तेव्हाचे तरुण क्रेन ऑपरेटर, शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून निद्रिस्त होते. अध्यक्षमहोदय, तुम्ही रात्रपाळी करून आला होतात. चित्रात तेही दिसत होते, पण पाहणाऱ्यांना ते पाहायचे नव्हते. भीमाबाईंचा आवाज बाहेरच्या फाटकापर्यंत गेला. "कावून मास्तर, देवाची माय केली होती मले, अन् आता हे काय? दात पाहा माहे, दात!"

चित्रातल्या तिसऱ्या रांगेत माझी पत्नी विजया होती आणि तिच्या शेजारी मी. मी ताठ बसून मंचाकडे पाहत होतो. ती तोंडात पदर कोंबून हसत होती. मी तिला म्हटले, "हे काही बरे दिसत नाही." ती म्हणाली, "त्या दिवशी अध्यक्षांचं भाषण चालू होतं, अन् तुम्ही माना डोलवून राहिले होते. मी अशीच हसत होती जी. सारं भाषणभर." त्या सभागृहात स्वतःचे चित्र आवडलेली ती एकटीच. कार्यकारिणीत मी नव्हतो. सभेत उठून मी चित्राच्या बाजूने जे बोललो ते इतिवृत्तात आहे, आणि त्याचा उपयोग झाला नाही. ठराव झाला: कॅनव्हास मंडळाचा आहे, त्यावर दशरथाचा दरबार रंगवावा. मास्तर म्हणाले, "बरं."

तोच दरबार माझ्या पाठीमागे आहे. दरवर्षी त्याचे पोपडे निघतात. गेल्या वर्षी दशरथाचा गुडघा गेला, त्याआधी सिंहासनाचा पाय. दरवर्षी मास्तर डागडुजी करतात आणि दरवर्षी आपण म्हणतो, मास्तरचा हात गेला. कोणी म्हटले नाही असे? हात वर करू नका. मला संख्या नको आहे.

या समारंभाचे निमंत्रण द्यायला मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. सामान बांधलेले होते. सिंधुताईंनी चहा दिला. मी सवयीप्रमाणे प्रश्न केला, की ज्याचे फलक कोळशाच्या धुळीत टिकतात, त्याचा दरबार छपराखाली का टिकत नाही? मास्तरांनी बशीत चहा ओतला आणि सांगितले, "कावून टिकन जी? टिकाव म्हनून लावलाच नाही थो रंग." खाली तेलरंग, त्यावर वार्निशचा जाड हात, आणि वर दरबार, डिंकात कालवलेल्या रंगात. कोमट पाण्याने निघणारा. मी विचारले, इतकी वर्षे सांगितले का नाही? त्या सौम्य गृहस्थाने जे उत्तर दिले, ते मी आपल्याला तसेच देतो. "सांगतलं असतं, तर तुमी लोकायनं थ्याच्यावर मले तेलरंग लावाले लावला असता."

म्हणजे जो हात गेला असे आपण म्हणत होतो, तो हात स्वतःच्या कामाची नाचक्की दरवर्षी सोसून आपले चेहरे सांभाळत होता. मी म्हटले, मग धुऊन टाका. ते म्हणाले, "पडदा मंडळाचा हाय. झाकाचा ठराव मंडळानं केला, धुवाचाबी थ्यायनंच करावा." हा मुद्दा कायद्याने बिनतोड आहे. मी तो कार्यकारिणीपुढे नेला. गुरुवारच्या बैठकीत निम्मे इकडे, निम्मे तिकडे झाले, आणि निर्णय अध्यक्षांवर सोपवण्यात आला. अध्यक्ष म्हणाले, ज्यांचे चेहरे आहेत त्यांच्यासमोर ठरवू. मास्तर उद्या जात आहेत. म्हणून बादली आज आहे. सिंधुताईंनी ती घरून आणली आहे, पाणी कोमट आहे, आणि बोलणे लांबवून मी ते निववत आहे, याची मला जाणीव आहे.

एक खुलासा माझ्या अशिलाच्या विरोधात जाणारा असला तरी केला पाहिजे. खाली काय उरले आहे, हे खुद्द मास्तरांनाही ठाऊक नाही. छत दोन पावसाळे गळले आहे. वार्निशने धरले असेल तर धरले असेल. जानराव आज आपल्यात नाहीत. विजया जाऊन चार वर्षे झाली. तिचे फोटो माझ्या मोहन नगरच्या घरी पुष्कळ आहेत. स्टुडिओवाल्याने हनुवटी वर करायला सांगितली की बाई जशी दिसते, तशी ती सगळ्यांत दिसते. हसताना एकातही नाही.

आणि धुऊन सगळे निघाले, तरी आपले नुकसान भरून येते का? मला तसे वाटत नाही. त्या ठरावानंतर मास्तरांनी माणसे रंगवली नाहीत. त्यांनी देव रंगवले, फलक रंगवले, शाळांच्या भिंतींवर मोर रंगवले. परवा मी विचारले तर म्हणाले, "मंग कोणाले पाहू? ज्याले पाहाव, थो तोंड फिरवे." त्या वर्षांत या गावातली जी माणसे त्यांनी रंगवली असती, रात्रपाळीहून सायकलवर परतणारी, दवाखान्याच्या बाकावर बसलेली, लग्नात पंगत वाढणारी, ती कोणत्याही दरबाराखाली नाहीत. तिथपर्यंत पोचणारे पाणी आपल्याकडे नाही. निरोपाच्या प्रसंगी गोड बोलण्याची रीत आहे आणि मी ती मोडतो आहे. परंतु ज्याने आपल्याला सूट दिली नाही, त्याला निरोप देताना आपण स्वतःला सूट द्यावी, हे मला पटत नाही.

अध्यक्षमहोदय, निर्णय आपला आहे. चित्रात आपण झोपलेले आहात. आपण मान हलवलीत. ती मी होकारार्थी धरतो; सचिवांनी नोंद घ्यावी. भीमाबाई, तुमचीही संमती हवी. काय म्हणालात? मागे ऐकू आले नसेल, म्हणून सांगतो. त्या म्हणतात, "धुवा जी. आता तं दातच नाही राह्यले लपवाले."

मास्तर स्वतः हात लावणार नाहीत, म्हणाले. ते खाली, पहिल्या रांगेत बसून पाहतील. स्पंज सिंधुताईंच्या हाती आहे. वरून खाली, घासायचे नाही, एवढीच सूचना आहे.

मला बोलू दिल्याबद्दल मंडळाचा, आणि मंच सजवून आता तो ओला होताना पाहणाऱ्या कार्यकर्त्यांचा मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असेल, मानपानात काही राहून गेले असेल, तर वयाकडे पाहून पोटात घालावे. आणि तिसऱ्या रांगेत, डावीकडे, तोंडात पदर कोंबलेली एक बाई दिसलीच, तर तिचे हसणे याही भाषणाला लागू आहे असे समजावे.

सिंधुताई, पाणी निवण्याआधी घ्या.