चारही व्हॉल्व्ह पेटलेत!

हॅलो? … कोण? … अगं तू! बरं झालं, तूच फोन केलास. आता खाली बस. … नाही, आधी बस. उभ्याने ऐकण्यासारखं नाहीच हे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी जे सांगणार आहे त्यावर जगात कुणाचाही विश्वास बसायचा नाही. तुझाही.

… माझ्या कुठल्याच गोष्टीवर बसत नाही? मग तर प्रश्नच मिटला. ऐक. झाला! … कोण झाला काय? अ‍ॅम्प्लिफायर झाला! आपल्या नातीच्या, ठिणगीच्या गिटारचा! सुटे भाग मागवून, घरात बसून, या दोन हातांनी जोडला तुझ्या दादाने!

… तुझं नंतर. … हो, हो… महत्त्वाचं असेल, कळलं. अगं ऐक ना!

तुझ्याकडून ते पहिलं खोकं आणलं होतं ना मी, भाजीच्या पिशवीत लपवून? … हो, वर कोबी ठेवून. तुझ्या वहिनीने दारातच पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "कोबी फारच जड यायला लागलाय हल्ली." खाली ट्रान्सफॉर्मर! … रागावेल नाहीतर काय? मागच्या खेपेचं ते जोडायचं घड्याळ उलटं चालायला लागल्यापासून तिने घरात खोकं आणायला बंदीच घातली होती. … उलटंच चालत होतं! महिनाभर वापरलं, माझी गुडघेदुखी गेली. वय कमी झालं, दुसरं काय!

… हो, येतोय, मुद्द्यावरच येतोय.

तर कोबी उघडकीला आला, आणि तुझी वहिनी चक्क मदतीला बसली. त्या रेझिस्टरवर रंगाचे पट्टे असतात, बडीशेपेएवढा तो जीव, आणि त्यावर चार-चार पट्टे. मला तपकिरी आणि लाल एकच दिसतो. तिने भरतकामाची रिळं काढली, एकेक पट्टा धाग्याशी लावून बघितला आणि सगळे निवडून दिले. अशी नजर आहे बाईची! … मी? मी डाख दिला. प्रत्येक सांध्याला. मोत्यासारखा थेंब! एक सांधा तर इतका सुंदर जमला की तुझी वहिनी म्हणाली, याची कुडी करून घालते.

… आता नाही गं लपवत काही. लपवायचं कारणच उरलं नाही. आता उघड उघड दारात उभा राहून टपालवाल्याची वाट बघतो. परवा तर त्याला पिशवी उलटी करून दाखवायला लावली.

… कशाची वाट? … कशाची म्हणजे? अशीच. टपाल येतं मला. मोठ्या माणसांना येतं.

… थांब जरा. … काय गं? … नको, चहा नको! फोनवर आहे! … धाकटीशी बोलतोय! … काही नाही सांगत तिला, तू जा! … हां, बोल. नको, तू नको बोलू, मीच बोलतो.

शॉक बसला मला! … ओरडू नकोस, जिवंत आहे. ते कपॅसिटर म्हणजे फार खुनशी जात. बटण बंद करा, तार काढून ठेवा, तरी पोटात वीज धरून बसतात. म्हणून नियम असा, की आत काम करताना एक हात खिशात. मी घातला होता खिशात. पण मिशी कुठे घालणार? वाकलो, मिशी टेकली, आणि ठ्ठाप्! डावी बाजू काळीभोर झाली! … अगं मिशीची! उजवी पांढरी, डावी पंचविशीतली! … वहिनीला कशाला विचारतेस? तिला कुठे कळतात रंग… हो, आत्ताच म्हणालो. … हो, रेझिस्टरचे कळतात. मिशीचे नाही कळत. नवऱ्याकडे इतक्या बारकाईने कोण बघतं?

हसतेस काय? … मग दोघी असल्यासारखी का हसतेयस? … बरं.

पुढे ऐक. बटण दाबलं. आधी काही नाही. मग ते व्हॉल्व्ह… अगं, जुन्या रेडिओत असायचे तसे, काचेचे… आतून हळूहळू नारिंगी व्हायला लागले. चारही! मोठे दोघे पाठीमागे, घरातल्या थोरल्यांसारखे सावकाश तापणारे. धाकटे दोघे पुढे, लगेच लाल. तुझ्यासारखे. दिवा घालवला तर तुझ्या वहिनीने त्या उजेडात सुईत दोरा ओवला! आणि मग पहिला आवाज! काय सांगू! मांडणीवरची भांडी आपोआप लहानमोठी रांगेत लागली. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका, ठार बहिरे, ते वर येऊन म्हणाले, "जरा हळू." आणि लिफ्ट… लिफ्ट आपली आपण तिसऱ्या मजल्यावर येऊन उभी राहिली! दार उघडून! ऐकायला!

… आमच्या इमारतीला लिफ्ट नाही? … अगं, तेच तर नवल!

… हो, खरंच वाजला. … गिटार? गिटार ठिणगीकडेच आहे, खरंय. … मग काय वाजवलं म्हणजे? बोट! वायर लावायची आणि तिच्या मोकळ्या टोकाला बोट टेकवायचं, की आतून घूंऽऽऽ येतं. कुणालाही विचार. एवढं तरी मला येतं!

… हं.

… हो, माहीत आहे उद्या तिचा कार्यक्रम आहे. पहिलाच आहे, तेही माहीत आहे. … आज संध्याकाळपर्यंत तिला त्या ढोलकीवाल्या मित्राला… ड्रमवाल्या, तेच ते… त्याला कळवायचं आहे, त्याचा अ‍ॅम्प आणायचा की नाही ते. … तू सांग ना तिला, नको आणू म्हणून. आजोबांचा तयार आहे.

… शपथ? शपथ कशाला मध्ये? … अगं, लोक मला थापाड्या म्हणतात ते काय… नाही. ती नाही म्हणत. ती काय म्हणाली होती माहीत आहे? माझ्यासमोर बसून म्हणाली, "आजोबा, तुमच्या गोष्टींवर मी वाढले. पण या वेळी मला गोष्ट नको, आवाज हवा." … हो. एवढंच म्हणाली.

… कळतंय मला. भरल्या सभागृहात पोरगी तार छेडणार आणि हूं नाही की चूं नाही… कळतंय. म्हणूनच सांगतोय ना, तयार आहे! … आत्तासुद्धा चालूच आहे, समोर. ऊब लागतेय हाताला. … चारही. … हो, चारही पेटलेत! अगं किती वेळा विचारशील? चार! नीट मोजून चार!

… काय?

… तुझ्या मांडीवर? … काय आहे तुझ्या मांडीवर?

… खोकं.

… माझ्या नावाचं. … आत कापसात गुंडाळलेले… काचेचे… दोन मोठे, दोन लहान.

… मघापासून हेच सांगतेयस? … अगं मग बोलायचंस ना! … हो, मीच नाही बोलू दिलं. खरंय. … आणि मी इथे त्या बिचाऱ्या टपालवाल्याला चोर ठरवून बसलोय! पत्ता तुझाच दिला होता ना मी! कोबी उघडकीला आला, पण पत्ता बदलायचा राहूनच गेला! शाबास रे माझ्या पठ्ठ्या!

… खोटं कुठे? खोटं नाही बोललो. जरा आधी सांगितलं, एवढंच. बाकी सगळं खरं आहे. डाख खरा, रिळं खरी, ट्रान्सफॉर्मर खरा. नुसत्या चार रिकाम्या खाचा आ वासून बसल्यात इथे. व्हॉल्व्ह बसवायचे, बटण दाबायचं… पोचले गं! फुटला तर नाही ना एकही? चारही धड? … चारही! मी म्हणत नव्हतो, चारही आहेत म्हणून!

… कोण? … ती तिथेच आहे? … स्पीकरवर? … कधीपासून? … मिशीपासून?

… पहिल्यापासून.

… दे. नाही, नको देऊ. … ती काय करतेय? हसतेय की… नीट बघून सांग.

… हां, बोल गं ठिणगे. … हो. … नाही पेटले. … एकही नाही. … हो, ऐकतोय. … तू? आत्ता? गिटार घेऊन? … आणि नाही वाजला तर लगेच ड्रमवाल्याला फोन. बरोबर आहे तुझं. मीच लावून देईन फोन. … नाही, थाप नाही. … ये तर. दोघी या. ते खोकं मांडीवरच धर, काच आहे. आणि जिन्याने सावकाश चढा…

… हो, जिन्यानेच.

… नाहीये लिफ्ट.

… हो. हे मात्र अगदी खरं. … हॅलो? … ठिणगे? … हॅलो?